नोकरीचा पहिला दिवस

माणसाच्या नोकरीचा पहिला दिवस कोणता, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. ज्या दिवशी तो कामावर गेला तो पहिला दिवस, असे कोणीही सांगेल. परंतु माझे बहुतेक आयुष्य कामगारांच्या तक्रारी लिहून देण्यात गेले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की पगाराच्या, बढतीच्या आणि म्हातारपणच्या भाकरीच्या निम्म्या भांडणांचे मूळ या एकाच प्रश्नात असते. घाम गाळल्याचा पहिला दिवस एक, आणि कागदावरचा पहिला दिवस दुसरा. मधल्या काळाचे काय करावयाचे, याचे उत्तर ज्याच्या हाती कागद असतो तो देतो.

आपल्या पवनीला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्यांच्या घरी हातमाग होता त्यांना आठवत असेल, पोर जरा कळते झाले की ते कांड्या भरावयास बसे. पुढे बापाच्या शेजारी बसून धोटा फेकावयास शिके. त्याचे शिकणे कोठे संपले आणि काम कोठे सुरू झाले हे त्याच्या आईलाही सांगता आले नसते. मजुरी मात्र लुगडे मागावरून उतरल्यावरच हाती येई, आणि कांड्या कोणी भरल्या हे कोणी विचारीत नसे.

कारखान्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिकाऊ हा कामगार नव्हे असे ठरविले, आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेही शिकाऊ उमेदवाराला बाहेर ठेवले. एका कारखान्यातील तरुणाचे प्रकरण मी लढविले होते. दोन वर्षे शिकाऊ, नंतर सव्वाचार वर्षे कायम, म्हणजे यंत्रासमोर सव्वासहा वर्षे. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे लागतात. त्याला एक पैसा मिळाला नाही. ज्या यंत्रावर तो शिकाऊ म्हणून उभा होता त्याच यंत्रावर पुढे कायम झाला होता, हे मी साहेबांना तीनदा सांगितले. साहेबांनी तीनही वेळा मला चहा पाजला.

आज मला बोलावयाचे आहे ते सैन्यातील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. पहाटे फिरावयास निघालो की वैनगंगेच्या बाजूच्या रस्त्यावर धावणारी पोरे भेटतात. कोणी भरतीची तयारी करतो, एखादा बारावीनंतर खडकवासल्याची परीक्षा देणार असतो. त्यांचे आईबाप मला विचारतात, ‘भाऊ, यात पुढे काय मिळते?’ या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करावी लागते.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे पुण्याजवळची ती प्रसिद्ध संस्था. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी एकत्र शिकावे या कल्पनेने १९४९ च्या जानेवारीत देहरादून येथे तिचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तेथील वास्तूचे उद्घाटन झाले. मुख्य इमारतीला सुदानचे नाव आहे, कारण महायुद्धात हिंदी सैनिकांनी तेथे रक्त सांडले म्हणून सुदानने दिलेली देणगी तिच्या बांधकामाला लागली. एवढ्या दूरच्या देशाने आमच्या शिपायांची आठवण ठेवली, हे मला नेहमी विशेष वाटत आले आहे.

साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या वयात मुलगा तेथे दाखल होतो. २०२२ पासून मुलीही दाखल होतात, आणि त्यांची पहिली १७ जणींची तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. तीन वर्षे खडकवासल्याला काढावयाची. नंतर भूदलात जाणाऱ्याने एक वर्ष देहरादूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत काढावयाचे. नौदलाचा छात्र एळिमलाला आणि हवाई दलाचा हैदराबादजवळ दुंडिगलला जातो. तेव्हा कोठे खांद्यावर लेफ्टनंटचे किंवा त्या बरोबरीचे चिन्ह येते. यालाच कमिशन मिळणे म्हणतात. भूदलापुरते बोलावयाचे तर चार वर्षे झाली. सरकारच्या वहीत या चार वर्षांपुढे काय लिहिले जाते?

पहिल्या तीन वर्षांपुढे पगार म्हणून काहीही नाही. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके आणि औषधपाणी हा खर्च सरकार करते. हातखर्चाला मात्र घरून पैसे पाठवावे लागतात. ज्या पालकांचे सर्व मार्गांनी मिळून मासिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा कमी असेल त्यांच्या मुलाला महिना १,००० रुपयांचे साह्य मिळू शकते. शिवाय पालकांकडून हमीपत्र लिहून घेतात. मुलगा आपल्या मर्जीने प्रशिक्षण सोडून आला तर झालेला खर्च सरकार वसूल करू शकते. म्हणजे बांधून घेण्यापुरता तो सरकारी माणूस आहे आणि मोजण्यापुरता विद्यार्थी. ही रीत मी गिरण्यांतही पाहिली आहे, पण तेथे निदान तोफेची सलामी नसते.

देहरादूनच्या वर्षाची गोष्ट थोडी निराळी आहे. सहाव्या वेतन आयोगापासून शेवटच्या टप्प्यातील छात्राला लेफ्टनंटच्या सुरुवातीच्या पगाराइतके विद्यावेतन मिळू लागले. सातव्या आयोगाने ती रक्कम महिना ५६,१०० रुपये केली. कमिशन मिळाल्यावर याच आकड्यावर, म्हणजे दहाव्या वेतनस्तराच्या पहिल्या पायरीवर, त्याचा पगार निश्चित होतो आणि प्रशिक्षणकाळाचे देय भत्ते थकबाकी म्हणून मिळतात. पण त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की प्रशिक्षणाचा काळ कमिशनप्राप्त सेवा म्हणून धरला जाणार नाही. पैसे दिले, दिवस दिले नाहीत. आमच्या चळवळीत जुने लोक सांगत, वाढ मागताना रुपये मागा, पण दिवस सोडू नका, कारण रुपये महागाई खाऊन टाकते आणि दिवस शेवटपर्यंत जवळ राहतात.

दिवसांना एवढे महत्त्व का, हे पाहण्यासाठी अधिकाऱ्याच्या बढतीचा हिशेब पाहू. खालच्या बढत्या सेवेच्या वर्षांवर ठरलेल्या आहेत. कमिशननंतर २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर आणि १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. निवडीने कर्नल होता आले नाही तर २६ वर्षांनी कालबद्ध कर्नल. मूळ पगार लेफ्टनंटला ५६,१००, मेजरला ६९,४०० आणि लेफ्टनंट कर्नलला १,२१,२०० रुपयांपासून सुरू होतो. मेजर ते लेफ्टनंट कर्नल ही पायरी सर्वांत मोठी आहे. शिवाय लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत सर्वांना महिना १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन मिळते आणि निवृत्तिवेतन ठरविताना तेही धरतात. या सर्व गोष्टींचे घड्याळ कमिशनच्या दिवशी सुरू होते.

आता एकाच गल्लीतील दोन पोरे घ्या. पहिला साडेसतराव्या वर्षी खडकवासल्याला गेला आणि चार वर्षांनी, साडेएकविसाव्या वर्षी, लेफ्टनंट झाला. दुसऱ्याने येथे पदवी घेतली, साडेबाविसाव्या वर्षी थेट देहरादूनला प्रवेश मिळविला, तेथे दीड वर्ष प्रशिक्षण घेतले आणि चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला. पहिल्याची चार वर्षे मोजली गेली नाहीत, दुसऱ्याचे दीडच. तरीही पुढे कोण आहे? पहिलाच. तो साडेचौतिसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होईल, दुसरा सदतिसाव्या. दोघेही वयाच्या चौपन्नाव्या वर्षी निवृत्त होणार असतील, तर पहिल्याच्या गाठीला अडीच वर्षांची सेवा जास्त असेल. वार्षिक वाढ ३ टक्क्यांची. तेव्हा दोन-तीन वाढी म्हणजे मूळ पगारात ६ ते ९ टक्क्यांचा फरक. निवृत्तीच्या वेळी मूळ पगार दोन लाखांच्या आसपास असतो असे धरले, तर महिन्याला १२ ते १८ हजारांचा आणि निवृत्तिवेतनात त्याच्या निम्म्याचा फरक पडतो. वर महागाई भत्ता निराळा. पगाराची पट्टी वरच्या टोकाला संपते, तेव्हा तेथे पोचलेल्याचा फरक थोडा कमी भरेल, एवढी दुरुस्ती या हिशेबात करून घ्यावी.

निवृत्तीचे वय हुद्द्याप्रमाणे बदलते. कर्नलला ५४, ब्रिगेडियरला ५६, मेजर जनरलला ५८ आणि लेफ्टनंट जनरलला ६०. वरच्या प्रत्येक निवडीला जो वयाने लहान असतो त्याच्यापुढे जास्त वर्षे शिल्लक असतात. जनरल मनोज पांडे हे विदर्भातील नागपूरचे. मे १९६२ चा जन्म, खडकवासल्याचे छात्र, डिसेंबर १९८२ मध्ये कमिशन. म्हणजे तेव्हा वय वीस. २०२२ च्या एप्रिलअखेर ते सरसेनापती झाले. त्यांचे कर्तृत्व त्यांचे आहे, परंतु चोविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला तीच चढण चार वर्षे कमी वेळात चढावी लागली असती.

तेव्हा खडकवासल्याची न मोजलेली वर्षे शेवटपर्यंत पोचणाऱ्याला जड जात नाहीत. लवकर मिळालेल्या कमिशनात ती भरून निघतात. पूर्वी मात्र ती चांगलीच जड जात. २००६ पूर्वी पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांच्या सेवेचा हिशेब होता. सैन्यातील माणूस लवकर निवृत्त होतो म्हणून हुद्द्यानुसार काही वर्षे पदरची घालून तो हिशेब जुळवीत असत. सहाव्या आयोगानंतर ही भानगड मिटली. आता अधिकाऱ्याची २० वर्षांची पात्र सेवा झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. पुढे २०१४ च्या १ जुलैपासून ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ आले, परंतु त्याचीही कोष्टके हुद्दा आणि सेवेची वर्षे या दोन्हींवर बेतलेली आहेत. वर्षे मोजणे काही सुटले नाही.

बोच उरते ती या वीस वर्षांच्या उंबरठ्यावर. समजा, एखादा अधिकारी कमिशननंतर साडेसतरा वर्षांनी घरच्या अडचणीमुळे राजीनामा देऊन बाहेर पडला. साडेसतराव्या वर्षी घर सोडले तेव्हापासून त्याने साडेएकवीस वर्षे गणवेश घातला. निवृत्तिवेतन नाही. आता त्याच्याच पलटणीतील जवान पाहा. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे २०२२ पूर्वी नियमित भरती झालेला जवान नाव नोंदविल्याच्या दिवसापासून पगार घेई, आणि कवायतीच्या मैदानावरचे त्याचे पहिले महिनेही सेवेत धरले जातात. त्याला निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षे पुरतात. जवानाचा पाय मैदानावर पडला की घड्याळ सुरू, अधिकाऱ्याचा पडला तर नाही. या एका बाबतीत तरी शिपाई साहेबापेक्षा बरा ठरला, याचे मला सुख वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

जवानांतून निवडलेल्यांना अधिकारी करणारे आर्मी कॅडेट कॉलेज पूर्वी पुण्याला होते, १९७७ साली ते देहरादूनला गेले. तेथे शिकणारा मूळचा जवान असतो, त्याची नोकरी चालूच राहते आणि पगारही. म्हणजे देहरादूनच्या एकाच मैदानावर दोन तरुण शेजारी शेजारी उभे आहेत; एकाचा दिवस मोजला जात आहे, दुसऱ्याचा नाही. तेथून वर मसुरीला जा. लालबहादूर शास्त्री अकादमीत आय.ए.एस.चे परिविक्षाधीन अधिकारी शिकतात. त्यांना आधी नेमतात आणि मग शिकवितात. त्यांचा पगारही त्याच ५६,१०० वर सुरू होतो, परंतु तो पगार असतो, विद्यावेतन नव्हे, आणि सेवा नेमणुकीच्या दिवसापासून धरतात. सारा भेद नेमणूक आधी की शिक्षण आधी, एवढ्या क्रमाचा आहे.

सरकारची बाजू सांगितल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. खडकवासल्याचा छात्र जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो. कॉलेजात जाणाऱ्या पोराला कोणी पगार देत नाही. याला तर अन्नवस्त्रासह पदवी मिळते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सेवेत धरणे अडचणीचे आहे, हेही खरे. खडकवासल्याच्या तीन वर्षांपुरता हा युक्तिवाद मला पटतो. अकादमीच्या शेवटच्या वर्षाला तो लागू पडत नाही. तेथे पदवी हातात आलेली असते, वय वीस उलटलेले असते, रक्कम लेफ्टनंटची असते आणि शिस्तही सैन्याची असते. त्या वर्षाला विद्यार्थीदशा म्हणण्यात हिशेबाची सोय आहे, दुसरे काही नाही. ते एक वर्ष पात्र सेवेत धरले तर उंबरठ्यावर अडकणारे कित्येक जण पलीकडे जातील. ही माझी मागणी आहे. ती कोणी मान्य केलेली नाही.

येथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. याहून कठीण गोष्ट पुढे आहे. घोड्यावरून पडणे, मुष्टियुद्धात डोक्याला मार बसणे, पोहण्याच्या तलावात उडी चुकून मान मोडणे, असे अपघात प्रशिक्षणात होतात. छात्र कायमचा अपंग झाला की त्याला वैद्यकीय कारणाने घरी पाठवितात. तो अजून अधिकारी नाही, तेव्हा त्याला विकलांग निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्याला मिळते ती सानुग्रह मदत. सातव्या आयोगानंतर ती महिना ९,००० रुपये आणि शंभर टक्के अपंगत्व असेल तर आणखी १६,२०० रुपये अशी ठरली. महागाईची भर निराळी. आता असे धरा की हाच अपघात कमिशन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावर असताना झाला. लेफ्टनंटचा पगार व सैनिकी सेवा वेतन मिळून ७१,६०० रुपये. त्याचा निम्मा सेवाअंश ३५,८०० आणि शंभर टक्के अपंगत्वासाठी ३० टक्के म्हणजे २१,४८० रुपये. बेरीज ५७,२८०. इकडे २५,२००. तोच मुलगा, तीच मान, मध्ये एक संचलन.

सानुग्रह या शब्दाकडेही लक्ष द्यावे. आमच्या धंद्यात बोनस हा हक्क आहे की मालकाची कृपा, यावर पिढ्यान् पिढ्या झगडा झाला आणि १९६५ साली कायदा झाला. कृपेची रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्यासाठी दावा लावता येत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांतून या मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८५ पासून सुमारे ५०० छात्र असे घरी पाठविले गेले असल्याची माहिती त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले, आणि विमा, मदतीतील वाढ व पुनर्वसन यांचा विचार करावा असे केंद्र सरकारला सुचविले. त्याच महिन्याच्या अखेरीस माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत या छात्रांना सामावून घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. औषधोपचाराची सोय झाली, हे चांगले झाले. तथापि, औषधोपचाराचा खर्च सुटला म्हणजे चरितार्थ सुटत नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळला असता त्याची आई साठीला येते, सत्तरीला येते, आणि तिला कुशीवरून कुशीवर त्याला वळवावे लागते. तिचे दिवस तर कोणत्याच वहीत नाहीत.

अल्पमुदतीच्या कमिशनविषयी थोडक्यात सांगतो. चेन्नईच्या अकादमीत सुमारे ४९ आठवडे प्रशिक्षण, नंतर १० वर्षे सेवा, आणि वाढवून दिली तर १४. वीस वर्षे होत नाहीत, म्हणून निवृत्तिवेतन नाही. ठोक रक्कम घेऊन घरी यावयाचे. स्त्रियांना याच वाटेने येऊन याच वाटेने परत जावे लागे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भूदलातील स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा दरवाजा उघडला, तेव्हा त्यांना हुद्द्याबरोबर वीस वर्षांची वाटही मोकळी झाली.

पहाटे धावणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या वाट्याला यांतले काही येत नाही, ते अग्निवीर होतात. २०२२ पासूनची ती योजना चार वर्षांची आहे. प्रशिक्षण त्या चार वर्षांतच धरतात, म्हणजे पहिल्या दिवसाचा प्रश्न येथे सुटला. पण मोजून काय मिळणार, तर ग्रॅच्युइटी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. शेवटी व्याजासह सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी मिळते, तिच्यातील निम्मी मूळ भर त्याच्याच पगारातून कापलेली असते. चारांतल्या एकापर्यंत पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले तीन वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पवनीच्या बसस्टँडवर उतरतील, त्यांच्याविषयी वेगळे व्याख्यान करावे लागेल.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा बारावीत आहे, गणितात बरा आहे, खडकवासल्याची परीक्षा द्यावयाची म्हणतो. बापाने विचारले, ‘भाऊ, पाठवू का?’ मी म्हणालो, अवश्य पाठवा, याहून चांगले शिक्षण या किमतीत मिळत नाही. मात्र हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते घरी आणून सावकाश वाचा, हातखर्चाच्या साह्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात भरा, आणि प्रशिक्षणात दुखापत झाली तर कोण किती देणार व विमा कितीचा आहे हे लेखी विचारा. मुलगा मध्येच म्हणाला, ‘मला काही होणार नाही, काका.’ बाप काही बोलला नाही. त्याने खिशातून बॉलपेन काढले आणि मी सांगितलेले तिन्ही मुद्दे एस.टी.च्या तिकिटामागे लिहून घेतले.